कारचं दार आतून उघडत नाही: बिघाड ओळखण्यापासून हँडल-केबल बदलण्यापर्यंत

बाहेरून हँडल ओढलं की दार उघडतं, पण आत बसलेल्याने कितीही ओढलं तरी ते हलत नाही. थोड्या जुन्या गाड्यांत ही तक्रार नेहमीची आहे, आणि बहुतेक घरांत तिच्यावरचा तोडगाही ठरलेला असतो: काच खाली करा, हात बाहेर घाला, बाहेरचं हँडल ओढा. काही दिवसांत हाताला सवय लागते आणि गाडी महिनोन्‌महिने तशीच चालवली जाते.

ही सवय लावून घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पॉवर विंडो बॅटरीच्या विजेवर चालते. अपघातात वायर तुटली किंवा पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली तर काच खाली येईलच असं नाही. मागच्या सीटवर आजी असतील किंवा नातवंडं असतील, तर त्यांना ते हात बाहेर घालण्याचं तंत्र जमणारही नाही. आपल्याकडे इंदूरहून सेंधवा, बिजासन घाट करत धुळे-नाशिक-पुण्याला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. सुट्टी लागली की गाडी भरून निघतात. ज्या गाडीचं एक दार आतून उघडत नाही, ती गाडी त्या रस्त्याला लावण्याआधी दुरुस्त व्हायला हवी.

काम नवख्याला जमण्यासारखं आहे. कधी गाडीच्या दाराचा एक स्क्रूही काढला नसेल, तरी सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू केलं तर दुपारपर्यंत होतं. मात्र क्रम पाळावा लागतो. बहुतेक जण थेट आतलं आवरण उचकटायला घेतात आणि क्लिपा मोडून बसतात. खरं तर आतल्या हँडलची चाल, दाराचा आवाज आणि बाहेरच्या हँडलचं वागणं एवढ्यावरून बिघाड कुठे आहे ते पुष्कळदा एकही स्क्रू न काढता कळतं. म्हणून या लेखात खोलण्यापेक्षा ओळखण्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी चाइल्ड लॉक आणि साधं लॉक

दार मागचं असेल तर सगळ्यात आधी चाइल्ड लॉक बघा. दार बाहेरून उघडा आणि त्याच्या कडेला, जिथे लॉकची यंत्रणा दिसते तिथे, वर किंवा खाली एक छोटी खुंटी शोधा. काही गाड्यांत खुंटीऐवजी किल्ली घालून फिरवायची खाच असते. शेजारी बहुधा लहान मुलाचं चित्र किंवा बाण कोरलेला असतो. ही खुंटी लागलेली असली की आतलं हँडल नेहमीसारखंच हलतं, स्प्रिंगचा जोरही हाताला जाणवतो, पण दार उघडत नाही. बाहेरून मात्र व्यवस्थित उघडतं. बिघाडाचं सोंग इतकं हुबेहूब असतं की माणसं नवीन लॉक घ्यायला दुकानात पोचतात. गाडी धुताना फडक्याने ही खुंटी सरकते, मुलं खेळता खेळता सरकवतात, सर्व्हिसिंगमध्येही कधी लागून येते. पुढच्या दारांना चाइल्ड लॉक नसतं, त्यामुळे ड्रायव्हरच्या दारावर ते शोधत बसू नका.

जाता जाता एक सांगतो. टॅक्सी म्हणून नोंद होणाऱ्या गाड्यांत १ जुलै २०१९ पासून चाइल्ड लॉकला मनाई आहे, कारण प्रवाशाला, विशेषतः एकट्या बाईला, हवं तेव्हा आतून दार उघडता आलं पाहिजे. घरच्या गाडीलाही हीच कसोटी लावावी असं मला वाटतं. मूल मोठं झालं की ते लॉक काढून टाका.

दुसरं, दार नुसतं लॉक तर नाही ना? बऱ्याच गाड्या थोडा वेग घेतल्यावर सगळी दारं आपोआप लॉक करतात. काहींमध्ये आतलं हँडल एकदा ओढलं की लॉक निघतं आणि दुसऱ्यांदा ओढल्यावर दार उघडतं. काहींमध्ये आधी दाराच्या लॉकची खुंटी वर करावीच लागते. गाडी सेकंड हँड घेतली असेल तर हे आधी मॅन्युअलमध्ये वाचा. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत तर बाहेरून रिमोटने लॉक केल्यावर आतली हँडलं मुद्दाम निकामी होतात, म्हणजे चोराने काच फोडली तरी त्याला दार उघडता येऊ नये. अशा गाडीत कुणाला बसवून ठेवून बाहेरून लॉक करायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

तिसरी शक्यता, दाराचं रबर चिकटलं असेल. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली की असं होतं. हँडल ओढून धरा आणि खांद्याने दार बाहेर रेटा. सुटलं तर रबर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. काम संपलं.

दाराच्या आत काय चालतं

पुढचं समजण्यासाठी दोन मिनिटं यंत्रणा बघून घेऊ. दार उघडून त्याच्या कडेला पाहिलंत तर खाचेत एक जाड लोखंडी आकडा दिसेल. समोर गाडीच्या खांबाला एक मजबूत कडी बसवलेली असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लावलं की कडी आकड्यात शिरते, आकडा फिरून तिला पकडतो आणि मागून एक छोटा खटका पडून आकड्याला तिथेच अडकवतो. आकडा आणि खटका मिळून जो डबा होतो त्याला लॅच म्हणतात. आपल्या दुकानांत त्याला सरळ ‘लॉक’ म्हणतात.

हँडल कुठलंही असो, त्याचं काम एकच: तो खटका बाजूला सारणं. बाहेरच्या हँडलपासून लॅचपर्यंत बहुधा एक सळई जाते. आतल्या हँडलपासून जुन्या गाड्यांत सळई आणि बऱ्याच नव्या गाड्यांत केबल जाते. ही केबल सायकलच्या ब्रेकच्या केबलसारखीच असते, बाहेर नळी आणि आत तार. नळी दोन्ही टोकांना पक्की बसलेली असेल तरच तार ओढली जाते. नळी एका टोकाला जरी जागेवरून सुटली, तरी तुम्ही ओढता तेव्हा तारेबरोबर नळीही सरकते आणि लॅचपर्यंत काहीच पोचत नाही.

म्हणजे बाहेरच्या हँडलने दार सहज उघडत असेल, तर आकडा आणि खटका ठीक आहेत. बिघाड आतलं हँडल, केबल किंवा लॅचवरचा आतल्या हँडलचा दांडा, या तिघांतच आहे. दार दोन्हीकडून उघडत नसेल तरच आकडा-खटक्यावर संशय घ्यायचा.

हँडल हाताला काय सांगतं

आता आत बसा, दार लावून घ्या, लॉक काढा आणि हँडल अगदी सावकाश ओढा. झटका देऊ नका. घाईत ओढलं की काहीच कळत नाही, आणि मोडायला आलेलं प्लॅस्टिक नेमकं तेव्हाच मोडतं.

हँडल लुळं लागतंय, जोर नाही, सोडल्यावर परतही नीट येत नाही: केबलचं टोक हँडलमधून निसटलं आहे किंवा हँडलची बिजागरीच तुटली आहे. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. आतली हँडलं प्लॅस्टिकची किंवा हलक्या ओतीव धातूची असतात, आणि मुलं त्यांना धरून उठतात.

हँडल अर्ध्यापर्यंत रिकामं जातं, शेवटी थोडा जोर लागतो, आणि खूप ओढलं तर कधी कधी दार उघडतंही: केबलची नळी जागेवरून सरकली आहे किंवा तार ढिली झाली आहे. हा बिघाड रोज थोडा थोडा वाढतो. आज दोनदा ओढून उघडणारं दार एक दिवस अजिबात उघडणार नाही, म्हणून याच टप्प्यावर हात घाला.

हँडल दगडासारखं घट्ट, हलतच नाही: आधी परत एकदा लॉक बघा. लॉक नसेल तर लॅचच्या आत सुकलेलं ग्रीस आणि धूळ जमून दांडा अडकला आहे. इथे ताकद लावायची नाही.

सकाळी उघडतं, दुपारी नाही, किंवा पावसाळ्यात नाही आणि उन्हाळ्यात उघडतं: हेही बहुधा ग्रीसचंच दुखणं. आपल्याकडे उन्हाळाभर रस्त्यांवरची बारीक धूळ दाराच्या फटीतून आत जाते, पावसाळ्यात तिच्यावर ओल चढते, आणि लॅचमध्ये घट्ट काळं कीट तयार होतं.

हँडल नेहमीसारखं, आत ‘टक’ असा आवाजही येतो, पण दार सुटत नाही: दुसऱ्या माणसाला बाहेरून दार किंचित आत दाबायला सांगा आणि तेव्हा हँडल ओढा. असं केल्यावर उघडलं तर दार आणि स्ट्रायकर यांची जागा जुळत नाही. दार खाली झुकलं आहे किंवा स्ट्रायकर हलला आहे. दार उघडं असताना त्याची मोकळी कड हाताने वर उचलून बघा. बिजागरीत खेळ जाणवला तर ते काम गॅरेजचं आहे, पुढचं वाचून उपयोग नाही.

दार उघडं ठेवून करायची चाचणी

ही चाचणी प्रत्येकाने शिकून घ्यावी. दार बाहेरून उघडा आणि उघडंच ठेवा. आता स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने आकडा दाबून फिरवा, जणू स्ट्रायकरच त्यात शिरला आहे. दोनदा ‘टक’ असा आवाज येईल. पहिला अर्ध्या बंद दाराचा, दुसरा पूर्ण बंद दाराचा. आकडा आता बंद आहे, पण दार तुमच्या हातात उघडं आहे.

आतलं हँडल ओढा. आकडा सटकन मोकळा झाला तर हँडल, केबल आणि लॅच सगळे काम करत आहेत आणि दोष दाराच्या जुळणीत आहे. आकडा हलला नाही तर आता बाहेरचं हँडल ओढून तो मोकळा करा. म्हणजे दोष आतल्या बाजूला, हे पक्कं झालं. मागचं दार असेल तर हीच चाचणी चाइल्ड लॉक लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे करा.

आणि हे कृपया विसरू नका: आकडा बंद अवस्थेत ठेवून दार कधीही आपटू नका. बंद आकडा स्ट्रायकरवर आदळतो आणि चांगलं लॅच खराब होतं. चाचणी झाली की आकडा मोकळा करायचाच.

दुरुस्ती करतानाही हाच नियम. नवीन हँडल बसलं, केबल जोडली, तरी या चाचणीत आकडा आतून दहा वेळा सुटत नाही तोवर दार लावायचं नाही. दुरुस्तीत काही चुकलं असेल आणि दार लागून गेलं, तर पुढचं काम बंद दाराने करावं लागतं, आणि ते फार जिकिरीचं असतं.

खोलण्याआधी ग्रीस

घट्ट किंवा लहरी हँडलसाठी आधी हा उपाय करा. जुना टूथब्रश आणि डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे घेऊन लॅचच्या खाचेतलं काळं कीट सोडवा, फडक्याने पुसा, आकडा स्क्रूड्रायव्हरने वीसएक वेळा बंद-मोकळा करा, परत पुसा. मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसत्या पातळ स्प्रेवर थांबू नका. तो कीट सोडवतो, पण टिकणारं वंगण देत नाही, आणि थोड्याच दिवसांत दार पुन्हा अडतं. इंजिन ऑइल तर घालूच नका. ते ओघळतं, कपड्यांना लागतं आणि धूळ ओढून घेतं.

मोकळं झालं तर उरलेल्या तीन दारांनाही त्याच बैठकीत ग्रीस लावून टाका.

सामान

लागतं ते असं: दोन नंबरचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, एक चपटा छोटा स्क्रूड्रायव्हर, नोज प्लायर, टॉर्च, मास्किंग टेप, हातमोजे, आणि आवरण उचकटायचा प्लॅस्टिकचा सेट. शेवटची वस्तू स्वस्त आहे आणि ती घ्याच. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की रंगावर आणि प्लॅस्टिकवर कायमचे ओरखडे येतात. लॅचपर्यंत जायचं असेल तर स्टार बिटचा सेटही लागेल. हे सगळं इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतं.

सुटे भाग छोटी ग्वालटोलीत, सरवटे बस स्टँडजवळच्या दुकानांत बघा. महाराष्ट्रातून नवीन आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं की काउंटरवर दार सांगताना डावं-उजवं म्हणण्यापेक्षा ‘ड्राइवर साइड’ किंवा ‘कंडक्टर साइड’ म्हटलं की गोंधळ होत नाही. ‘भैया, पीछे का, कंडक्टर साइड, अंदर का हैंडल, बेज कलर’ एवढं वाक्य पुरतं. सोबत आरसीचा फोटो ठेवा, कारण एकाच नावाच्या गाडीचं मॉडेल बदलतं तसं हँडलही बदलतं, आणि चेसिस नंबरवरून नेमका भाग शोधता येतो. सगळ्यात उत्तम म्हणजे जुना भाग काढून हातात घेऊन जाणं. डावं आणि उजवं हँडल एकमेकांना चालत नाही. केबल मागताना लांबी आणि दोन्ही टोकांचा आकार जुळवून घ्या.

एका गोष्टीबद्दल माझं मत ठाम आहे. तुटलेलं हँडल फेविक्विकने चिकटवू नका. बिजागरीवर दर वेळी ताण येतो, तो जोड टिकत नाही, आणि सुटतो तेव्हा नेमकं कोणीतरी आत असतं. हँडल हा दारातला स्वस्त भाग आहे, नवीन घ्या.

डोअर पॅड काढणं

दाराच्या आतल्या आवरणाला आपल्याकडे डोअर पॅड म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी हे काम करू नका. पत्रा हाताला भाजतो आणि आतला काळा डिंक पाघळून सगळीकडे लागतो. डिसेंबरच्या पहाटेही नको, थंडीत प्लॅस्टिकच्या क्लिपा पटकन तुटतात. सावलीतली सकाळ उत्तम.

१. काच पूर्ण वर करा आणि टेपने चौकटीला चिकटवून ठेवा. काच खाली असली तर आत हात घालायला जागा राहत नाही.

२. गाडी बंद करा, किल्ली खिशात ठेवा आणि बॅटरीची ऋण तार काढा. साइड एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत दाराच्या आत धडक ओळखणारा सेन्सर असतो. वीज चालू असताना त्याच्या जोडण्यांशी खेळायचं नाही. तार काढल्यावर थोडा वेळ थांबून मग हात घाला. म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

३. स्क्रू शोधा. नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एक स्क्रू हँडलच्या वाटीत, छोट्या प्लॅस्टिक झाकणाखाली असतो. एक-दोन दार ओढायच्या खोबणीत, तेही बहुधा झाकणाखाली. पुढच्या दारात आरशाच्या मागे जे तिकोनी आवरण असतं ते क्लिपवर असतं, ते काढून आत बघा. पॅडच्या खालच्या कडेलाही कधी कधी असतात. प्रत्येक स्क्रू काढला की तो कुठून निघाला ते टेपवर लिहून त्यालाच चिकटवा. लांबी वेगवेगळी असते आणि चुकीच्या जागी लांब स्क्रू गेला तर आतल्या काचेला किंवा वायरीला लागू शकतो.

४. हाताने फिरवायची काच असेल तर तिचा दांडा काढावा लागतो. जुन्या छोट्या गाड्यांत तो मागून एका वाकड्या तारेच्या क्लिपने धरलेला असतो. जुन्या कापडाची लांब पट्टी दांड्याच्या मागून घाला आणि दोन्ही टोकं धरून डावीकडे-उजवीकडे घासत वर ओढा. क्लिप उडून बाहेर येते. खाली चादर अंथरून ठेवा, नाहीतर ती सापडत नाही.

५. आता पॅड. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. प्लॅस्टिकची पट्टी घाला, क्लिपच्या अगदी जवळ धरा आणि आपल्याकडे ओढा. एक क्लिप सुटली की तिच्या शेजारची. तिन्ही बाजू सुटल्या की पॅड सरळ वर उचला, कारण वरची कड काचेच्या खाचेत अडकवलेली असते. जोर लागत असेल तर थांबा आणि राहिलेला स्क्रू शोधा. जोर लागतोय याचा अर्थ बहुधा हाच असतो.

६. पॅड पूर्ण दूर नेऊ नका, मागे वायरी आहेत. काचेच्या बटणांचा जोड, आरशाचा जोड, असेल तो दिवा. प्रत्येक जोडाला एक दाबायची जीभ असते, ती दाबून जोड ओढा, वायर धरून ओढू नका. जोड सोडवण्याआधी मोबाइलने फोटो काढा. आतल्या हँडलची केबलही इथेच दिसते.

केबल आणि हँडल

आता टॉर्च घेऊन नीट बघा. निदान बरोबर असेल तर बिघाड इथे डोळ्यांसमोर असतो.

केबलचं टोक हँडलमधून नुसतं निसटलं असेल तर ते परत बसवा. टोकाला बहुधा छोटा गोळा किंवा वाकवलेली तार असते. ती आधी हँडलच्या खाचेत आडवी घालायची आणि मग नळीची मान तिच्या कप्प्यात दाबायची. नळीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. कप्प्याची प्लॅस्टिकची पकड तुटली असेल तर केबल टायने नळी बांधता येते, पण ती बांधणी नवीन भाग येईपर्यंतचीच समजा.

हँडल तुटलं असेल तर त्याचे एक-दोन स्क्रू काढा. काही हँडलं नुसती पुढे किंवा मागे सरकवून निघतात. मग केबल फिरवून सोडवा आणि उलट क्रमाने नवीन बसवा. काहीही अवघड नाही.

हँडल आणि केबलचं टोक दोन्ही शाबूत दिसत असतील तर एका हाताने नळी घट्ट धरा आणि प्लायरने आतली तार हळू ओढा, आणि त्याच वेळी आकडा बघा. आधी स्क्रूड्रायव्हरने तो बंद केलेला असला पाहिजे. तार ओढल्यावर आकडा सुटला तर केबल आणि लॅच चांगले, हँडल दोषी. तार सैल येते आणि आकडा हलत नाही, तर केबल लॅचच्या टोकाला सुटली किंवा तुटली आहे. तार अजिबात येत नाही, तर केबल नळीत गंजली आहे किंवा लॅच अडकलं आहे. मागचं दार असेल तर चाइल्ड लॉक लागलेलं नाही, हे इथे शेवटचं एकदा पाहा.

म्युझिक सिस्टीम बसवल्यावर किंवा काचेचं काम झाल्यावर ही तक्रार सुरू झाली असेल, तर केबल तुटलेली नसून कुणीतरी ती जोडायची राहिली असण्याची शक्यता फार मोठी आहे. अशा वेळी आधी तेच बघा.

लॅचपर्यंत जावं लागलं तर

दारावर चिकटवलेली प्लॅस्टिकची शीट आता मागच्या बाजूने थोडी सोडवावी लागेल. ती काळ्या चिकट डिंकावर बसलेली असते. फाडू नका. ब्लेडने डिंक कापत जा, किंवा हेअर ड्रायरने कोमट करून हळू सोडवा, आणि फक्त गरजेपुरतीच सोडवा. डिंकाला धूळ आणि बोटं लागू देऊ नका. ही शीट दारात उतरणारं पावसाचं पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही.

आत हात घालताना हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा ब्लेडसारखं कापतात. लॅच दाराच्या कडेला बहुधा तीन स्क्रूंनी धरलेलं असतं आणि ते फार घट्ट असतात. बिट बरोबर मापाचं, पूर्ण आत बसलेलं आणि मागून अंगाचा भार दिलेला असेल तरच फिरवा. एकदा स्क्रूचं डोकं घसरलं की काम तुमच्या हातातून गेलं. सळयांची टोकं प्लॅस्टिकच्या फिरत्या क्लिपांत असतात. क्लिप आधी सळईवरून फिरवून उघडायची, मग सळई निघते. सरळ ओढली तर क्लिप तुटते.

लॅच बाहेर आलं की ते धुऊन-ग्रीस करून चालतंय का बघा. आतला दांडा किंवा स्प्रिंग तुटली असेल तर पूर्ण लॅच बदला. सेंट्रल लॉकिंगची मोटर बऱ्याच गाड्यांत लॅचलाच जोडलेली असते, त्यामुळे हा भाग महाग असतो.

माझं मत विचाराल तर, पहिल्यांदाच काम करणाऱ्याने हँडल आणि केबल स्वतः करावी आणि लॅच मिस्त्रीकडे द्यावं. आणि दार दोन्हीकडून बंद पडलं असेल तर पहिल्या पायरीपासूनच मिस्त्रीकडे जा, कारण बंद दाराचा पॅड न मोडता काढायला सरावाचा हात लागतो. जाताना ‘दार खराब आहे’ एवढंच सांगू नका. ‘बाहेरून उघडतं, आतून नाही, चाइल्ड लॉक बघितलं, हँडल लुळं आहे’ असं सांगितलंत की तो नेमकं तेच खोलेल, आणि अख्खं लॉक बदलायचा सल्ला आला तर तुम्हाला प्रश्न विचारता येईल.

परत लावताना

पॅड लावण्याआधी दाराच्या खालच्या कडेची भोकं बघा. पाणी निघून जायला तिथे बारीक भोकं ठेवलेली असतात, आणि माळव्याच्या काळ्या मातीचा गाळ त्यांत बसतो. तारेने मोकळी करा. दार खालून सडतं ते बहुतेक याच तुंबलेल्या पाण्यामुळे.

मग शीट जुन्या डिंकावर बसवून कडेने अंगठ्याने दाबत जा, खालची कड दोनदा. वायरींचे जोड लावा, बॅटरी जोडा, आणि पॅड नुसता टेकवलेला असतानाच सगळं तपासा: काच वर-खाली, आरसा, रिमोट, किल्ली, खुंटी, चाइल्ड लॉक. बॅटरी काढल्यामुळे काचेची एका स्पर्शात वर जाण्याची सोय काही गाड्यांत बंद होते. काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवलं की बहुधा ती परत येते, नेमकी रीत मॅन्युअलमध्ये असते.

यानंतर आकड्याची चाचणी, आतून आणि बाहेरून. दार लावायला घ्याल तेव्हा काच खाली असू द्या. आत एक जण, बाहेर एक जण, आणि दार हळू लावा. दोन्हीकडून उघडलं की मगच क्लिपा दाबा. वरची कड आधी खाचेत बसवायची, मग बाजू, शेवटी स्क्रू. तुटलेल्या क्लिपांच्या जागी नवीन घाला, त्या सुट्या मिळतात. एखादी राहिली तरी खराब रस्त्यावर पॅड खडखड वाजतो.

पहिला जोराचा पाऊस झाला की त्या दाराजवळची पायाखालची मॅट उचलून खालच्या गालिच्याला हात लावून बघा. ओल लागली तर शीटची खालची कड सुटली आहे. पॅड परत काढा आणि ती पुन्हा दाबून बसवा. आता याला अर्धा तासही लागणार नाही.